सानवीच्या मामाने डोळा मारला

स्वरूपने पहिल्याच भेटीत मला डोळा मारला. तोही शाळेच्या स्टाफरूममध्ये, मुख्याध्यापिकांसमोर.

मी मांडवीच्या शाळेत चौथीला शिकवते. माझ्या वर्गातली सानवी 'खो' मिळाला, की उठता उठता वाकडी व्हायची – हात पिळवटायचा, पाय दुमडायचा आणि दहा सेकंदांत पुन्हा ठणठणीत. मुली म्हणायच्या, नाटकं करते. मला तसं वाटेना. तिचे आईवडील मुंबईला कामाला, ती आजोळी राहायची; म्हणून मी मामाला बोलावलं.

मी आत शिरताच तो घाईघाईने उभा राहिला... आणि तोंड वाकडं झालं, उजवा डोळा मिटला, हात फिरून मुख्याध्यापिकांच्या चहावर आपटला. मी संतापून काही बोलणार, तोच सगळं थांबलं. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"हे... तुम्हालाही होतं?"

"शाळेत असल्यापासून," तो हळूच म्हणाला. "कुणाला सांगू नका हां, बाई."

तो सरकारी कचेरीत कारकून. नोकरीची सहा वर्षं तो खुर्चीतून उठायचं टाळत होता आणि कारकून उठत नाही यात कुणालाच वावगं वाटलं नव्हतं. लग्नाचा विचार मात्र त्याने सोडून दिला होता.

मीच दोघांना डॉ. राजश्रींकडे नेलं. त्या लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर. त्यांना झटका डोळ्यांनी पाहायचा होता. सानवी लाजून ढिम्म. मग मामाला उठाबशा काढाव्या लागल्या. मी मोबाइलवर चित्रण केलं, पण हसू दाबताना निम्मा व्हिडिओ छताचाच आला.

डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली. स्वरूपचे वडील भागोजी पंगतीतून उठताना असेच झोकांडायचे. माळकरी माणूस, पण गावाने प्यालेला ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, ही फिट नव्हे, शुद्ध जात नाही; अचानक हालचालीने येणारा हा आजार आनुवंशिक आहे. खात्रीसाठी रक्त तपासायला पाठवलं आणि दोघांना छोटीशी गोळी सुरू केली.

पंधरवड्यात सानवी 'खो' मिळताच सुसाट सुटू लागली. आणि मामा... गोळी घेतली हे सांगायला रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकापर्यंत येऊ लागला. फोनवरही सांगता आलं असतं. मी ते सुचवलं नाही.

चार महिन्यांनी मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ खाताना तो अचानक गंभीर झाला.

"राही, उद्या आपल्याला मूल झालं तर – "

"त्याच्या आधीचा एक प्रश्न राहिला," मी म्हटलं.

तो हसला नाही. समुद्राकडे बघत म्हणाला, "रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. निम्मी शक्यता असते. मुलात उतरायची. माझ्या वडिलांनी लोकांचं बोलणं जन्मभर ऐकलं."

हा विचार मीही बरेच दिवस करत होते. भीती वाटली नाही, असं नाही.

"त्यांना कुणी सांगितलंच नाही काय झालंय ते," मी म्हटलं. "आपल्याला पहिल्याच दिवशी कळेल. आणि उरलेल्या निम्म्यात माझा हट्ट उतरेल... त्यावर डॉक्टरांकडेही गोळी नाही."

आता मात्र तो हसला. मग त्याने आधीचा प्रश्न विचारला.

भेळ संपवून मी हो म्हटलं.