नडगीतली चाल

पायाला करंट देणारी बाई, अशी मंदाची भिवंडीत ओळख होऊन वर्ष झालं होतं. ती टेमघरची. वडील सावळाराम नगरपालिकेत नोकरीला. पोरीला मुंबईत ठेवून त्यांनी फिजिओथेरपी शिकवली, तेव्हा विहारात भेटणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द तीनतीनदा सांगावा लागायचा. आता तीच माणसं गुडघे धरत तिच्याकडे यायची.

बाजारपेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर, तिला स्वतःची खोली होती. एक उंच लाकडी बाक, एक स्टूल, भिंतीवर माणसाच्या पायाचा रंगीत तक्ता, आणि स्नायूंना विजेचा हलका झटका देणारी, रेडिओएवढी पेटी. मागच्या शेडीतले कापड विणणारे लूम दिवसभर खटखटत. तिला तो आवाज आता जाणवतही नसे. काम आवडीचं होतं, हाताला यश होतं, आणि दुपारी कंपाउंडर महादू न मागता चहा आणून ठेवायचा. मंदाला आणखी काही हवं होतं असं नाही.

१९७४च्या जानेवारीत वळ गावचा राघो तिच्याकडे आला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, हसतमुख शेतकरी. भातकापणीत शेजारच्या गड्याचा विळा सुटून त्याच्या डाव्या गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला लागला होता. जखम भरली, पण पंजा लोंबायला लागला. चालताना तो गुडघा उगाचच उंच उचलायचा, आणि पाऊल फटकन जमिनीवर आपटायचं. सोबत बायको होती, ठकुबाई. पदर खांद्यावरून कमरेला खोचलेली, बोलायला खणखणीत.

"बाय, तू माज्या लेकीवानी. पायाला हात नको लावू," राघो अवघडून म्हणाला.

"मग करंट कुठं देऊ, डोक्याला?" मंदा म्हणाली. ठकुबाई जी हसली, ती राघोला बाकावर बसवूनच थांबली.

मंदानं तक्त्यावर बोट ठेवून त्याला समजावलं. गुडघ्याखालचा पाय म्हणजे तीन कप्पे. मागचा पोटरीचा, पंजा खाली दाबणारा. पुढचा नडगीलगतचा, पंजा वर उचलणारा. आणि बाहेरच्या बाजूचा लहान कप्पा, पाऊल वाकडंतिकडं पडू नये म्हणून सांभाळणारा. मागच्या कप्प्याला नस वेगळी. पुढच्या आणि बाहेरच्या कप्प्याला मिळून एकच नस येते, आणि ती गुडघ्याखाली हाडाच्या गाठीला वळसा घालून, अगदी कातडीखालून जाते. विळा नेमका तिथं लागला होता.

"म्हंजे एका वायरीवर दोन शेडी," राघो म्हणाला. "वायर गेली, दोन्ही बंद."

"बरोबर. आणि तीच वायर इथंही येते." तिनं त्याच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कापूस टेकवला. "डोळे मिटा. काय लागतंय?"

"काय न्हाय."

पेटीनंही तेच सांगितलं. मागचा कप्पा झटक्यासरशी उडत होता. पुढचा आणि बाहेरचा ढिम्म. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: होळीपर्यंत हालचाल आली नाही, तर मुंबईला नेऊन ऑपरेशन. मागच्या कप्प्यातला एक स्नायू सोडवून पुढे जोडायचा. तोवर आठवड्यातून तीन दिवस मंदानं उपचार करायचे आणि शेवटी अहवाल द्यायचा. राघोला ऑपरेशनची धास्ती होती. त्याहून मोठी धास्ती होती ती चिखलात उभं राहून लावणी करता येणार नाही याची.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, पेटी सुरू करण्याआधी मंदानं सवयीनं त्याच्या नडगीवर तळवा ठेवला आणि तिला आत काहीतरी हललेलं जाणवलं. अगदी बारीक. कातडीखाली कुणी बोटानं ढकलावं तसं. थांबलं. पुन्हा आलं.

लुमांची थरथर बाकात उतरत असेल, असं तिनं ठरवलं. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या शुक्रवारी तिनं पुन्हा हात ठेवला. बाजारात सामसूम होती, खाली कुणाची तरी सायकलची घंटी तेवढी वाजली. नडगीतली हालचाल सोमवारपेक्षा ठळक होती.

"काका, पंजा वर उचला."

राघोनं दात आवळले. पंजा लोंबत राहिला. हाताखाली मात्र हालचाल चालूच होती, आपल्याच ठेक्यात. तिनं पेटीचा झटका दिला. स्नायूनं त्याला दाद दिली नाही.

मंदाला हे पटेना. तुटलेली नस वाढते ती दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर, वरून खाली. आधी गुडघ्याजवळचा स्नायू जागा व्हायला हवा, घोट्याकडचे कित्येक महिन्यांनंतर. इथं दोन्ही कप्पे वरपासून खालपर्यंत एकदम हलत होते, आणि तेही ज्याचा पाय त्याचं न ऐकता.

राघो गेल्यावर ती खोलीत एकटीच चालून पाहू लागली, कमरेत वाकून, स्वतःच्या नडगीवर हात ठेवून. टाच टेकताना एक ताण, पाऊल उचलताना दुसरा. टेकताना, उचलताना. महादू चहा घेऊन दारात उभा राहिला.

"बाई, पाय दुखतो का?"

"नाही," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. तिच्या हातानं तो ठेका ओळखला होता. राघो बाकावर स्वस्थ बसलेला असताना त्याच्या नडगीतलं कुणीतरी चालत होतं.

पुढच्या दोन आठवड्यांत तिला ती चाल वाचता यायला लागली. बाहेरचा कप्पा सारखा फडफडला की वाट खाचखळग्यांची. तो शांत राहून पुढचा कप्पा सरळ चालला की सपाट जमीन. मधेच सगळं थांबायचं आणि एक बारीक कंप उरायचा, उभ्या माणसाच्या पायात असतो तसा. ती हे कुणाला बोलली नाही. वहीत तिनं एवढंच लिहिलं: 'पुढील व बाहेरील कप्प्यात आपोआप हालचाल. कारण समजत नाही.'

मग एके दिवशी, तिनं कापूस उचललेलाही नसताना, राघो म्हणाला, "चिखल हाय."

"कुठं?"

"हितं." त्यानं अंगठ्याच्या बेचक्याकडे बोट दाखवलं. "बोटांमधून वर येतोय. गार. खाडीचा हाय बाय, शेतातला न्हाय. ह्यो चिकट असतो."

मंदानं बेचक्यावरून बोट फिरवलं. कातडी कोरडी होती. बोट फिरलेलं त्याला कळलंच नाही.

बुधवारी त्याला तिथं भाताची धसकटं टोचत होती. शुक्रवारी ऊन ऊन धूळ. राघो हे सांगताना घाबरत नव्हता. गावाकडच्या पायवाटेची खबर द्यावी तसा सांगायचा. ठकुबाई मात्र कान देऊन ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "घाईनं चालतोय का दमानं?"

"दमानं," मंदा म्हणाली. "थकलेला माणूस चालतो तसं."

ठकुबाईनं ओळख पटल्यासारखी मान हलवली.

होळीच्या आधीचा शुक्रवार उजाडला. अहवाल द्यायचा शेवटचा दिवस. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन बाकावर आलं होतं. राघोच्या नडगीत चाल स्पष्ट होती. सपाट रस्ता. बेचक्यात तापलेलं डांबर, असं राघो म्हणाला.

मंदानं गुडघ्याखालच्या त्या हाडाच्या गाठीवर अंगठा दाबला, जिथून नस वळते तिथं.

चाल थांबली.

तिनं अंगठा उचलला. क्षणभर काही नाही. मग ती पुन्हा सुरू झाली, जिथं थांबली होती तिथूनच. हटकल्यावर उभा राहिलेला माणूस वाट मोकळी झाल्यावर निघावा तशी.

 ती राघोच्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "काका, खरं सांगते. हे काय आहे मला माहीत नाही. मी इथं दाबून धरलं की ते थांबतं. 'हालचाल नाही' असं लिहिलं, की तुम्हाला ऑपरेशनला नेतील. मग हे कप्पे बंदच. काय करू?"

 राघोनं बायकोकडे बघितलं. ठकुबाईनं डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं.

"इतकं चालून आलाय," राघो म्हणाला. "आता माघारी नको धाडू."

मंदानं अंगठा बाजूला घेतला आणि दोन्ही तळवे त्याच्या नडगीवर ठेवले.

रस्ता संपला. चाल थांबली.

मग पुढचा कप्पा आवळला, आधीपेक्षा जोरात, जास्त वेळ. सैल झाला. पुन्हा आवळला.

"जिना," मंदा पुटपुटली.

दवाखान्याला बावीस पायऱ्या होत्या. एका पायाच्या वाट्याला अकरा. ती मोजत होती. सात. आठ. लूम बंद होते, जिन्यात मुंगीचं पाऊलही ऐकू आलं असतं. काही ऐकू येत नव्हतं.

नऊ. दहा.

"महादू," तिनं हाक मारली. "जिन्यात कोण आहे?"

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. "कुणी नाही, बाई."

अकरा.

सपाट. चार पावलं. थांबला. हाताखाली फक्त तो बारीक कंप.

"गार फरशी," राघो हळूच म्हणाला. "हितलीच."

दाराचा पडदा हलला नाही. ठकुबाई उठून उभी राहिली होती.

कंप थांबला.

 मंदानं नेहमीच्या आवाजात म्हटलं, "पंजा वर उचला."

पंजा वर आला. आधी अडखळत, मग पुरा. नडगीवरची शीर दोरीसारखी ताठ उभी राहिली. तिनं बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितलं, तोही वळला. डोळे मिटायला लावून बेचक्यात कापूस फिरवला.

"कापूस," राघो म्हणाला, आणि रडायला लागला.

पेटीच्या झटक्यालाही आता दोन्ही कप्पे उडत होते. मंदानं अहवाल लिहिला: 'पूर्ण हालचाल. संवेदना पूर्ववत. ऑपरेशनची गरज नाही.' मोठ्या डॉक्टरांनी पाय दोनदा तपासला, नस तुटली नसून नुसती दबली असावी असं म्हणाले, आणि तिच्या हाताचं कौतुक केलं.  पायऱ्या उतरून जाणारा राघो तिनं खिडकीतून पाहिला. पाऊल आपटत नव्हतं, गुडघा उगाच उचलला जात नव्हता. एवढा सुरेख बरा झालेला पाय तिच्या हाताखालून आधी कधी गेला नव्हता, आणि तिला आनंदच झाला.

मे महिन्यात राघोनं तिला आणि सावळारामांना आग्रहानं वळ गावी जेवायला बोलावलं. अंगण सारवलेलं होतं, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं होतं. सावळाराम ओटीवर बसून गावकऱ्यांशी गप्पांत रंगले. मंदा दारातल्या बाजेवर बसली. आपल्याला इतकं निवांत कधी वाटलं होतं, ते ती आठवत होती.

एवढ्यात राघो शेतावरून आला. बांधावरून उतरताना पाय झपाझप पडत होते. मंदानं ते कौतुकानं पाहिलं. तो उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. दोन्ही पाय धुळीनं माखलेले.

ठकुबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मंदाकडे बघून ती हसली. मग तिनं कमरेचा पदर सोडवून, घरातल्या वडीलधाऱ्यापुढं घ्यावा तसा, डोक्यावरून पुढे ओढला, नजर खाली घातली, आणि राघोच्या डाव्या पायावर दोन्ही हातांनी, बेतानं, पाणी घातलं. अंगठा, बेचकं, घोटा. धुऊन झाल्यावर ती वाकून त्या पायाच्या पाया पडली आणि पाठ न दाखवता दोन पावलं मागे सरली.

मग तिनं पदर पुन्हा कमरेला खोचला, उरलेला तांब्या राघोच्या हातात दिला, आणि त्याच्या उजव्या पायाकडे बघत नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "घ्या. तुमचा तुम्ही धुवा."