काजळी राखाडी कशी झाली?

“फोटोंनी मन भरत नसतं गं,” सासूबाईंनी निघताना बजावलं होतं. “अहो आई, दर आठवड्याला येतील फोटो,” म्हणत अनघाने ते हसण्यावारी नेलं आणि ती मंगळावरच्या तळावर रुजू झाली.

आज पडद्यावर काजळीचा अगदी जवळून काढलेला फोटो आला. काजळी म्हणजे घरची काळीकुळकुळीत मांजर. फोटोतली मांजर मात्र राखाडी होती, चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखी.

अनघा पडद्याजवळ सरकली. “ही आमची काजळी नव्हेच. ती गेली असणार. मला कळू नये म्हणून दुसरी आणलीय.”

“अनघाताई, रडण्याआधी कॅमेऱ्याची बाजू ऐका,” तळावरचा यंत्रमानव भोवरा म्हणाला. “त्याला मांजर कळत नाही, फक्त उजेड कळतो. चौकटभर काळं दिसलं, की त्याला वाटतं अंधार आहे. मग तो एक्स्पोजर (आत किती उजेड घ्यायचा ते प्रमाण) वाढवतो. काळ्याचं राखाडी होतं.”

“आणि मांजर पांढरी असती तर?”

“उजेड फार झाला म्हणून तो कमी करतो. तीही राखाडीच.”

पटलं, पण धाकधूक जाईना. उद्यापासून मंगळ सूर्याआड जाणार, दोन आठवडे निरोप बंद. तिने लेकीला, मुक्ताला, लगेच कळवलं: “काजळीला खिडकीकडे तोंड करून बसव. तू खिडकीला पाठ करून पालथी पड, कॅमेरा तिच्या डोळ्यांसमोर धर. एक्स्पोजर जरा कमी कर.”

निरोपाला पृथ्वी गाठायलाच वीस मिनिटं लागतात. अनघा येरझाऱ्या घालत राहिली.

शेवटी फोटो उघडला. काळीभोर काजळी, पाठीवर निळसर चमक, मिशीचा केस न् केस वेगळा. सोबत मुक्ताचं लिहिणं: “तुझ्यापायी दोनदा बोचकारलं तिने मला.”

अनघा हसली. फोटो मोठा करत ती काजळीच्या डोळ्यापाशी आली आणि थांबली. ओला, गोल डोळा आरशासारखा असतो. त्यात उजळ खिडकी होती, आणि खिडकीपुढे पालथी पडलेली, वेणी सुटलेली एवढीशी मुक्ता. फोटो तीच काढायची, म्हणून आजवर एकाही फोटोत ती नव्हती.

“भोवऱ्या, अजून मोठं कर.”

“आता नुसते चौकोन दिसतील, ताई.”

“दिसू देत.”

मंगळ सूर्याआडून बाहेर आला, की पहिला निरोप ठरलाय: कॅमेरा आजीकडे दे, आणि काजळीला मांडीवर घेऊन तू बस.

तुमच्या घरी फोटो कोण काढतं? ते माणूस फोटोंत सापडायचं नाही. जरा आत जाऊन बघून या, बरं आहे ना ते.