काळ्या होडीतला आवाज

"फसवणूक! शुद्ध फसवणूक आहे ही!" एझ्राने कंट्रोलर बाकावर आपटला.

"हळू रे! तुझ्या बापाने आणलाय का तो?" गल्ल्यावरून ओगुटूकाका खेकसले.

"बघा ना काका! चौथ्यांदा दगड! गावात पाऊल टाकायच्या आत!"

पडद्यावर काळी होडी किनाऱ्याला लागली होती आणि गावातली माणसं तिच्यावर दगडांचा मारा करत होती. "परक्यांना इथे पाणीसुद्धा मिळत नाही!" एक म्हातारी ओरडली आणि होडी बुडाली. किनाऱ्याकडच्या त्या पत्र्याच्या दुकानात दाटीवाटीने बसलेल्या वीस-पंचवीस पोरांनी एका सुरात शिव्या घातल्या.

ऑगस्टच्या सुट्टीचा चौथा दिवस होता आणि सरोवराकाठच्या किसुमू शहरातली पोरं एकाच गोष्टीवरून हमरीतुमरीवर आली होती. 'काळी होडी' या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग झकास की भिकार? पहिला भाग याच शहरातल्या चार तरुणांनी बनवला होता. त्यात आपलं सरोवर होतं, आपल्या होड्या होत्या, आपली गाणी होती. पोरांनी तो डोक्यावर घेतला होता आणि दुसऱ्या भागाची दोन वर्षं वाट पाहिली होती.

पण तेरा वर्षांच्या आकेयोइतकी वाट कोणीच पाहिली नव्हती.

पहिल्या भागाच्या शेवटी जिंकणाऱ्याला माइकवर पाकरूओक करता यायचा. लग्नात ढोल थांबवून एखादा उठतो आणि स्वतःचे, आपल्या माणसांचे गोडवे गातो, अगदी तसा. त्याचं संपेपर्यंत कोणी मध्ये तोंड घालायचं नाही, हा रिवाज. ओगुटूकाकांच्या दुकानात हा मान सगळ्यांत आधी मिळवला आकेयोच्या थोरल्या भावाने, ओकोथने. त्याचा आवाज दुकानाच्या मेमरी कार्डावर उतरला. दुकानात यंत्र एक आणि कार्ड एक, त्यामुळे पुढे सगळी पोरं ओकोथच्याच जिंकलेल्या खेळावर खेळत राहिली.

मागच्या एप्रिलच्या वादळात ओकोथची मासेमारीची होडी उलटली. तिसऱ्या दिवशी तो सापडला. फोन त्याच्याबरोबरच बुडाला होता. घरात त्याचा एक फोटो होता, पण आवाज साऱ्या जगात त्या एका कार्डावर उरला होता. आणि बनवणाऱ्यांनी तर रेडिओवर सांगितलं होतं की, जुन्या कार्डावरचा पाकरूओक दुसऱ्या भागात पुन्हा ऐकू येईल!

"काका," आकेयोने विचारलं, "ओकोथचा आवाज कधी येणार?"

"अगं, किती वेळा सांगायचं? बनवणाऱ्यांनी जुनं सगळं पुसून टाकलंय. आळशी लेकाचे! त्यांना जाऊन विचार." ओगुटूकाकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी नुकताच आणलेला उभा पंखा आपल्या तोंडाकडे वळवला आणि डोळे मिटले.

बाहेर बसच्या थांब्यावर, म्हणजे स्टेजवर, वेगळाच तमाशा चालू होता.

"किनाऱ्यावाले रडे!" स्टेजवरच्या सिल्व्हानसच्या दुकानातली पोरं ओरडत होती. "दुसरा भाग म्हणजे सोनं आहे सोनं! खेळता येत नाही म्हणून बोंबलता!"

"सोनं? दगड खायला बरा वाटतो काय रे तुम्हाला?" एझ्राने बाह्या सरसावल्या.

"कसले दगड? आम्हाला गाव ढोल वाजवत नेतं! म्हातारी पानात मासे वाढते!"

"थापाड्या!"

"तू थापाड्या! तुझं अख्खं दुकान थापाडं!"

एकाने हातातली तळलेली गोड मंडाझी फेकून मारली. ती एझ्राच्या कानावर बसली आणि मग कोणाची कॉलर कोणाच्या हातात होती, हे कोणालाच सांगता आलं नसतं. आकेयोने एझ्राला ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याचा खिसा लोंबत होता. मागच्या सुट्टीत हीच पोरं एकत्र फुटबॉल खेळत होती.

एझ्राची दहा वर्षांची बहीण क्विंटर पडलेली मंडाझी झटकून खात शांतपणे उभी होती.

"मला वाटतं, दोघंही खरं बोलतायत," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? खेळ एकच आहे ना!"

"खेळ एक. कार्डं दोन." तिने बोट चाटलं. "आणि ओगुटूकाकांच्या नव्या पंख्याच्या पायावर जांभळ्या रंगाचे शिंतोडे आहेत."

"मग?"

"मग जांभळं दुकान कोणाचं?"

तिघांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. सिल्व्हानसने ईस्टरला दुकान रंगवलं होतं. भिंती, दार, उंबरठा, सगळं जांभळं!

सिल्व्हानसच्या दारात किनाऱ्यावाल्या पोरांना मज्जाव होता. पण मासे विकणारीला कुठलं दार अडवतं? दुसऱ्या दिवशी दुपारी आकेयोने आईचं तळलेल्या माशांचं घमेलं डोक्यावर घेतलं, ओढणी कपाळापर्यंत आणली आणि सरळ आत शिरली.

"मासे घ्या, मासे! गरम आहेत!"

"शू! गप्प बस, आता येईल!" कोणीतरी दटावलं.

पडद्यावर काळी होडी किनाऱ्याला लागली. दगड नाहीत. गावकरी धावत आले, ढोल वाजू लागले आणि अचानक थांबले.

"थांबवा ढोल! मी ओकोथ! पावसात जन्मलो, पाण्याला भीत नाही! माझी आई असे मासे तळते की सरोवर रिकामं होतं! माझ्या बहिणीला, आकेयोला, पोहता येत नाही, पण येत्या सुट्टीत मी शिकवणार! वाजवा आता!"

"पाण्याला भीत नाही!" सगळ्या पोरांनी एकदम छाती ठोकून त्याची नक्कल केली आणि ती खो खो हसली. त्यांना काही माहीत नव्हतं. आकेयोने घमेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ते पडलं असतं तर ती स्वतःही पडली असती.

"ऐकून घ्या रे!" सिल्व्हानस टाळी वाजवून म्हणाला. "शनिवारी स्पर्धा! गावापुढे बेट आहे. बेटाच्या वेशीवर खेळ नवा पाकरूओक मागतो. जो आधी वेशीपर्यंत पोचेल, त्याचा आवाज आपल्या कार्डावर!"

"आणि हा जुना?" एका पोराने विचारलं.

"जुना जाईल. एका कार्डावर एकच आवाज राहतो."

आकेयो पुढे झाली. "काका, हा आवाज माझ्या भावाचा आहे. द्या मला."

सिल्व्हानसने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "कार्ड ओगुटूचं होतं, आता माझं आहे. रोखठोक अदलाबदल झाली, एक पंखा आणि दोन कंट्रोलर. आवाजावर काय नाव लिहिलंय तुझ्या भावाचं?"

"लिहिलेलं नाही, पण तो बोलतो ना नाव!"

"चल, निघ! आणि मासे ठेवून जा चार."

तिने एकही ठेवला नाही.

संध्याकाळी तिघं उलट्या घातलेल्या होडीवर बसली. समोर जाळ्यांवर ओमेनाची बारीक मासळी वाळत होती.

"म्हणजे आपल्याकडे रिकामं कार्ड घातलंय," एझ्रा दातओठ खात म्हणाला. "खेळ आपल्याला ओळखतच नाही, म्हणून दगड मारतो! आणि ओगुटूकाका खुशाल बनवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडतायत! चोरूया ते कार्ड!"

"आणि पकडले गेलो की चोर आपणच," क्विंटर म्हणाली. "त्यापेक्षा त्यांनाच ते चारचौघांत वाजवायला लावू."

"नक्कल करून घेतली तर?" आकेयोने विचारलं.

"नाही होत. बनवणाऱ्यांनी कार्डाला कुलूप घातलंय." क्विंटर म्हणाली. "शनिवारी पाहुणे कोण आहेत?"

"किनारा समितीचे अध्यक्ष, आपले बुजुर्ग म्झी ओबुया," आकेयो म्हणाली. " सिल्व्हानसला त्यांची मर्जी हवीय, किनाऱ्यावर दुसरं दुकान टाकायचंय."

"मग झालं तर! एझ्रा, तुला गोड बोलता येतं का?"

"मला? सिल्व्हानसशी? जीभ झडेल माझी!"

पण शुक्रवारी त्याने जीभ झडू दिली नाही. "काका, मी आता तुमच्या बाजूचा," तो दारात उभा राहून म्हणाला. "तिकडे दगड खाऊन कंटाळलो. एक सांगू? तो सुरुवातीचा आवाज बाहेर मोठ्या कर्ण्यावर लावा. पार मासळीबाजारापर्यंत जाऊ दे! ओगुटूकाकांची गिऱ्हाइकं जळून खाक होतील आणि सगळी इकडे येतील."

सिल्व्हानसचे डोळे चमकले. "पोरा, डोकं आहे तुला!"

"सगळे तसंच म्हणतात," एझ्रा नम्रपणे म्हणाला.

शनिवारी सकाळी जांभळ्या दुकानासमोर ही गर्दी! म्झी ओबुया खुर्चीत ऐसपैस बसले होते. ओगुटूकाकाही आले होते, फुकटचा सोडा प्यायला. आकेयोने आईचा हात धरून तिला आणलं होतं. कशासाठी, ते तिने आईला सांगितलं नव्हतं.

"जुना आवाज शेवटचा ऐकून घ्या!" सिल्व्हानसने आरोळी दिली. "मग स्पर्धा!"

कर्णा खरखरला.

"थांबवा ढोल! मी ओकोथ! पावसात जन्मलो, पाण्याला भीत नाही!"

मासळीबाजारातल्या सुऱ्या थांबल्या. ज्या कोळ्यांनी त्याला पाण्यातून बाहेर काढलं होतं, त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. आकेयोची आई खाली बसली. स्टेजवाली पोरं सवयीने छातीवर हात मारायला गेली आणि मोठ्या माणसांचे चेहरे बघून त्यांनी तो तसाच खाली आणला.

आवाज संपला. सिल्व्हानस घाईघाईने म्हणाला, "चला, आता स्पर्धा..."

"थांबवा ढोल!"

आकेयो सोड्याच्या खोक्यावर चढली होती. तिच्या हातात माइक नव्हता, काही नव्हतं.

"खाली उतर गं!" ओगुटूकाका ओरडले.

म्झी ओबुयांनी काठी उचलली. "तिने ढोल थांबवलाय. तिचं संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. रिवाज विसरलात?"

"मी आकेयो! ओकोथची बहीण!" ती ओरडून म्हणाली. "मला पोहता येत नाही! शिकवणारा सरोवरात राहिला! त्याचा आवाज एका कार्डावर होता. ओगुटूकाकांनी तो एका पंख्यासाठी विकला! सिल्व्हानसकाकांनी दोन कंट्रोलर देऊन घेतला, आणि आज त्यांना तो पुसायचाय! हे माझे काका! अशी माझी माणसं! वाजवा आता!"

कोणीही वाजवलं नाही.

"ओगुटू?" म्झी ओबुया म्हणाले.

"मला वाटलं, पोरांचा खेळ आहे. उकडत फार होतं हो..."

"सिल्व्हानस?"

"मला कुठे माहीत कोणाचा आवाज आहे ते!"

"तो नाव सांगतो की काका!" क्विंटर किंचाळली. "पहिल्याच वाक्यात!"

गर्दीत एक कोरडं हसू उमटलं. एका कोळ्याने आत जाऊन यंत्रातून कार्ड काढलं आणि आकेयोच्या तळहातावर ठेवलं. सिल्व्हानस आडवा आला नाही. त्याची नजर अध्यक्षांवर होती आणि किनाऱ्यावरचं दुकान आता विसरायचं, हे त्याला कळून चुकलं होतं.

"शाब्बास पोरांनो!" म्झी ओबुया म्हणाले. "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. आकेयो, तू वकील होशील बघ! टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. याच म्झी ओबुयांनी एप्रिलच्या वादळानंतर सगळ्या होड्यांसाठी लाइफ जॅकेट आणायचं कबूल केलं होतं. ती अजून आली नव्हती. टाळ्या मात्र लगेच आल्या. आकेयोने मान खाली घातली आणि कार्ड आईच्या मुठीत दिलं.

आता सगळ्यांना सगळं कळलं होतं, त्यामुळे भांडण मिटायला हवं होतं. पण छे! स्टेजवाले म्हणू लागले, "बघा, आम्ही सांगत होतो, खेळ सोनंच आहे!" किनाऱ्यावाले म्हणाले, "एका कार्डावर ज्याची चव बदलते, तो खेळच भिकार!" एझ्राने नवा खिसा शिवून घेतला आणि तोही आठवड्यात फाडून आणला. पोरांना आता भांडणाचीच गोडी लागली होती.

घरी कार्ड होतं, पण यंत्र नव्हतं. एझ्राने काकाच्या फोनवर आवाज उतरवून आणला, तर तो चिरका, कोणाचाही असावा तसा आला. आईने ऐकून मान हलवली. "हा माझा नाही," ती म्हणाली. मग दर रविवारी चर्चनंतर मायलेकी ओगुटूकाकांच्याच दुकानात जाऊ लागल्या. काका बाक पुसून देत, पैसे घेत नसत आणि बसलेल्या पोरांना सांगत, "आपल्या दुकानाचा पोरगा बरं का हा!" पंखा ते आईकडे वळवून ठेवत. आकेयो उठून तो बंद करायची.

होडी किनाऱ्याला लागायची. ढोल थांबायचे. आई ओढणीने तोंड झाकून ऐकायची. मग आकेयो एकटी बेटाच्या वेशीपर्यंत जायची. तिथे खेळ विचारायचा, 'तुझा पाकरूओक बोल. जुना पुसला जाईल. बोलतेस?'

ती 'नाही' दाबायची आणि होडी वळवायची.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दोन्हीकडची पोरं तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "आकेयो, तूच सांग! तुझं सगळे ऐकतील. दुसरा भाग झकास की भिकार?"

"मला काय माहीत?" आकेयो म्हणाली. "मी पुढे गेलेच नाही."