कपाळावरचा व्रण

लोहाऱ्याहून सास्तूरला निघालेल्या जीपमध्ये शिवांजली फोटोंचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती... आणि कुणी न विचारताच भांडत होती.

"सातशे फोटो छापायला दिले माझ्या भावानं! त्या रणधीर फोटोवाल्यानं एकूणएक फोटोत आईला गोरं करून ठेवलंय. माझी आई सावळी होती. भूकंपात दगड लागून कपाळावर व्रण पडला होता, तोपण पुसला! माझी भाची आरोही त्या व्रणावर बोट ठेवून झोपायची. काल फोटो बघून म्हणते, 'ही आजी न्हाय.' आई तर गेली... आता लेकरानं तिला बघायचं कुठं?"

शेजारच्या तरुणानं मान खाली घातली. "लई चुकलं त्याचं."

"समोर तर येऊ द्या, दाखवतेच!"

"समोर न्हाय... शेजारी बसलाय. मीच रणधीर."

सगळी जीप हसली. शिवांजली आणखी भडकली. "मग इतका वेळ गप का बसलात?"

"तुम्ही मधे जागाच ठेवली न्हाय."

सास्तूरला उतरून ती तणतणत त्याच्या मागोमाग घरी गेली. तिथं ज्वारीच्या पोत्यांशेजारी भलामोठा प्रिंटर होता. बाजेवर ओले फोटो वाळत होते.

"लग्नाचे फोटो करतो मी," तो हळू आवाजात म्हणाला. "नवरी गोरी दिसली न्हाय की लोक परत आणून देतात. हाताला तीच सवय लागली."

"माझी आई नवरी न्हवती!"

"व्हय... चुकलंच."

त्यानं कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. कागद सावकाश बाहेर येऊ लागला... आधी पिकल्या केसांचा भांग, मग सावळं कपाळ, मग तो व्रण. शिवांजलीचं बोट नकळत पुढं गेलं.

"शाई ओली आहे," तो म्हणाला.

"कळतं मला!" तिनं बोट मागं घेतलं आणि पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "रडत न्हाय मी."

"सातशेच्या सातशे परत छापतो."

रागारागात ती सोबत आणलेलं खोकं चाळू लागली आणि एकदम थबकली. शेतातला फोटो. आई दुधासारखी गोरी, भाऊही उजळलेला, शेजारी ती स्वतः मात्र जशीच्या तशी... उन्हानं रापलेली, केस विस्कटलेले. दुसऱ्या फोटोतही तेच. तिसऱ्यातही.

"सगळ्यांना गोरं केलं, मला तेवढं वगळलं? मुद्दाम?"

रणधीर उगाच प्रिंटर पुसत बसला. "तुमचा फोटो आला की... हात थांबायचा."

"का?"

"बदलायचं काय, तेच सुचायचं न्हाय."

ओठावर आलेलं भांडण तिथंच अडलं. "उद्या आरोहीला आणते," ती शेवटी फणकारली. "तिनं आजीला ओळखलं, तरच बोलेन तुमच्याशी!"

दुसऱ्या दिवशी आरोहीनं वाळलेला फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ बघितलं. मग व्रणावर अलगद बोट ठेवलं.

"आजी."

मग आरोहीनं रणधीरकडं बोट केलं. "आणि हे कोण, आत्या?"

"ठरवतेय अजून," शिवांजली म्हणाली... आणि चेहऱ्यावरचा राग टिकवताना पहिल्यांदाच तिची तारांबळ उडाली.