मेल्यावरचं हसू

नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर अन्नपूर्णादेवी सरदेसाई तिसऱ्यांदा मेल्या, आणि तिसऱ्यांदा डोळे उघडून खुदकन हसल्या.

"बघा मेलीला!" गजराक्का कडाडली. "धड मरायचीसुद्धा अक्कल नाही!"

पडद्यावरची ती मेली म्हणजे गजराक्का कांबळीचीच छायानटी. तोच चेहरा, तोच आवाज, बोलताना तीच भुवई वर. मालिकेसाठी नटांनी रोज रंग लावून उभं राहायचे दिवस संपले होते. दृश्ययंत्र आता नटीच्या आजवरच्या साऱ्या चित्रीकरणावरून तिची सावली घडवी आणि रोज संध्याकाळी त्या सावलीकडून अख्खा भाग थेट वठवून घेई. नटीनं फक्त नमुनाघरात राहायचं. तिथल्या भिंतींत बसवलेले डोळे तिला उठताबसता पाहत, म्हणजे सावलीचं वय, चाल, खोकला सगळं ताजं राही. परवा गजराक्काचा पाय मुरगळला, तर संध्याकाळी अन्नपूर्णादेवीही लंगडल्या.

करारात सुटकेची वाट एकच होती. मालिकेतली व्यक्तिरेखा मेली की नटी मोकळी. तोवर तो चेहरा घेऊन फाटकाबाहेर पडायचं नाही. गजराक्कानं सही करताना कुणाला वाचूनही दाखवू दिलं नव्हतं. "सासूच ती, किती जगेल?" म्हणाली होती. अन्नपूर्णादेवी जगतच राहिल्या. तिकडे सावंतवाडीपलीकडे, रेडी गावी तिची थोरली बहीण तानू अंथरुणाला खिळली होती आणि रोज टीव्हीवरच्या सावलीकडे बघून "आमची गजरा बरी दिसता" म्हणत होती.

आता कुठे प्रेक्षक कंटाळले, आणि वाहिनीनं अन्नपूर्णादेवींना मारायची परवानगी दिली. आजच्या भागात त्या मेल्या पाहिजेत, नाहीतर परवानगी रद्द. म्हणून सकाळपासून ही तालीम चालली होती.

"फोटोला हार घालून बघितलात?" डॉ. आश्लेषा परुळेकरांनी विचारलं. दृश्ययंत्र त्यांनीच घडवलेलं.

"बघितला," दिग्दर्शक हेरंब दातार रडवेल्या आवाजात म्हणाला. "फोटोही हसला."

आश्लेषाबाईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे यंत्रात बिघाड नाही. हेरंब, मरण म्हणजे काय हे यंत्राला ठाऊक नसतं. माणूस निपचित पडला की पुढे काय होतं, एवढंच ते जुन्या चित्रीकरणात बघतं. मी काल सगळं उघडून पाहिलं. आक्का जेव्हा जेव्हा मेल्यात, तेव्हा तेव्हा त्या नंतर हसल्यात. का?"

हेरंबनं कपाळाला हात लावला. "अपशकुन! मेल्याचं काम केलं की नटानं कॅमेऱ्यात बघून हसायचं असतं हो. नाहीतर खरंच ओढवतं म्हणतात. ते हसू आम्ही कापून टाकतो. प्रेक्षकांना कधी दिसत नाही."

"पण यंत्राला तुम्ही न कापलेलं दिलंत."

"तुम्हीच म्हणालात, सगळं द्या!"

"माझ्याकडे काय बघताय दोघं?" गजराक्का म्हणाली. "उभ्या जन्मात एवढी मेले, दरवेळी हसून उठले, म्हणून धडधाकट आहे. काढा की ते हसू उपटून."

"नाही निघत, आक्का. विणलेल्या शालीतून एक धागा ओढला तर सगळी शाल गोळा होते, तसं आहे. पण ताज्या नमुन्याला यंत्र सर्वांत जास्त मान देतं. आज तुम्ही स्वतः मरून दाखवलंत आणि नंतर हसला नाहीत, तर..."

"तर तीही हसणार नाही." गजराक्कानं पदर खोचला. "मांडा अंथरूण."

नमुनाघरात खाट आली. गजराक्कानं छातीवर हात नेला, नसलेल्या सुनेकडे एक जळजळीत नजर टाकली आणि मान कलती केली. असं मरण बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं.

"कट!" हेरंब म्हणाला.

सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. रंगभूषेची म्हातारी शेवंता गळा काढून ओरडली, "हसा ओ आक्का! असं नका करू, हसा!"

गजराक्का हसली नाही. उठली, खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या आणि ताठ मानेनं दाराकडे निघाली.

"आक्का, संध्याकाळचा भाग तरी होऊ द्या!" हेरंब मागे धावला.

"मेलेल्या बाईला अडवतोस? लाज नाही वाटत?" असं म्हणून ती बाहेर पडली. भिंतीतले डोळे दारापर्यंत तिच्या पाठीवर होते.

संध्याकाळी पेणच्या स्टँडवर ती सावंतवाडीच्या गाडीची वाट बघत बसली होती. वर टांगलेल्या पडद्यावर मालिका सुरू झाली. अन्नपूर्णादेवींनी छातीवर हात नेला. सुनेकडे तीच जळजळीत नजर. मान कलती झाली. गजराक्कानं श्वास रोखून धरला.

हसू आलं नाही.

"सुटले बाई," ती पुटपुटली.

पडद्यावर अन्नपूर्णादेवी उठल्या. खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या आणि ताठ मानेनं दारातून निघून गेल्या. सरदेसायांचं अख्खं घर रिकाम्या अंथरुणाभोवती रडत राहिलं.

फोन वाजला. तानूचा आवाज आनंदानं कापत होता. "गजरा गो, निघालंस मा? मी बघलंय टीव्हीर. चपला घालून गेलंस. येतंस मा घरी?"

"येतंय गो," गजराक्का म्हणाली. तिनं फोन ठेवला.

स्टँडच्या तोंडाशी वाहिनीची पांढरी गाडी थांबली. आश्लेषाबाई उतरल्या आणि तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"आक्का, ती जिवंत आहे."

"बघितलं. डोळे फुटले नाहीत माझे."

"माझीच चूक. हसू नका एवढंच सांगितलं. मरणानंतर तुम्ही जे कराल ते सगळं ती करणार, हे सुचायला हवं होतं. वाहिनीला मी विनवलंय, आणखी एक संधी देतायत. या वेळी तुम्ही उठायचं नाही."

"किती वेळ?"

आश्लेषाबाई चष्मा काढून पुसू लागल्या.

"तासाभरानं उठले तर ती तासाभरानं उठेल," गजराक्का सावकाश म्हणाली. "सकाळी उठले तर ती सकाळी उठेल. होय ना?"

"होय."

"म्हणजे ती कायमची मरायची, तर मी उठायचंच नाही."

तेवढ्यात सावंतवाडीची गाडी लागली. लोक खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरू लागले. गाडी भरली आणि गेली.

गजराक्का उठली, चपला पायात सरकवल्या आणि पांढऱ्या गाडीपाशी आली. दाराच्या वर भिंतीतल्यासारखाच एक बारीक काळा डोळा होता. आत बसण्याआधी तिनं त्यात सरळ बघितलं आणि मेल्यावर राहून गेलेलं ते हसू खुदकन हसली.