टॉर्मडच्या कपाळावरचा हात

दार लोटून घ्या आणि बसा. या वाऱ्यात आज कुणी होडी काढणार नाही. तेवढ्यात फर्करची हकीकत सांगतो. तो माझा शेजारी, बांधाला बांध लागून आमची घरं. हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि फर्कर थापा मारणारा नव्हे. थापा मारायला माणूस जरा रंगेल असावा लागतो. हा तर जन्माचा तिरसट.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, एकोणीस तारीख, शनिवार. संध्याकाळी त्याच्या आईनं, एफी म्हातारीनं, बार्लीची जाड भाकरी टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिली. पल्याडच्या गावात टॉर्मड वारला होता, आणि मयताच्या घरी रात्र जागवायला प्रत्येक घरातून एक माणूस जातो तसं त्यांच्याकडून फर्करनं जायचं होतं. म्हातारी नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली, "भाकरी मॅरसलीच्या हातात दे. आणि त्याच्या कपाळावर हात ठेव. तुझा आणि माझाही. मला आता उठवत नाही."

फर्करच्या डोक्यात तिडीक गेली. भाकरी नेतो, रात्रभर बसतो, पण हात ठेवणार नाही, असं त्यानं तिला तोंडावर सांगितलं.

"मग मला सुखानं डोळे मिटता येणार नाहीत," म्हातारी म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

आता हे वैर कशाचं ते ऐका. फर्करचा धाकटा भाऊ रुअरी टॉर्मडच्या होडीवर शेवंडं पकडायचे पिंजरे समुद्रात टाकायला जायचा. बावीस वर्षांचा पोरगा, मिशीसुद्धा धड फुटली नव्हती. चाळीस वर्षं झाली असतील, एके दिवशी पिंजऱ्याच्या दोराचा वेढा त्याच्या पायात अडकला आणि तो गेला पाण्यात. होडीवर दोघंच. टॉर्मड एकटा परत आला. धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं, आणि सगळ्या गावानं पाहिलं, की त्याच्या कोटाच्या बाह्या मनगटापर्यंत कोरड्या होत्या. पाण्यात पडलेल्या माणसाला ओढायला गेलेल्याच्या बाह्या कोरड्या राहतात होय? फर्करनं त्याची गचांडी धरली तेव्हा तो एवढंच बोलला, की समुद्राच्या तोंडचा घास काढला तर समुद्र काढणाऱ्यालाच गिळतो, हे आपले वाडवडील सांगत आलेत.

वाडवडील! वाडवडिलांना पोहता येत नव्हतं, त्यांच्या होड्यांना इंजिन नव्हतं, म्हणून त्यांनी असली गोष्ट रचली आणि शेगडीपाशी बसून पोरांना सांगितली. गोष्ट सांगावी, ऐकावी, मी स्वतः जन्मभर तेच करतोय. पण गोष्टीच्या आड लपून बुडत्या पोराकडे पाठ फिरवायची, हे कुठल्या गोष्टीत बसतं? आणि गाव काय बोललं? काही नाही. अर्ध्या गावाला मनातून तेच खरं वाटत होतं. पुढं टॉर्मड देवभक्त झाला, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायला लागला, आणि त्याच्या बाह्यांचा विषय कायमचा संपला. रुअरी काही सापडला नाही. रिकाम्या शवपेटीला खांदा देणं काय असतं ते फर्करला विचारा.

तर फर्कर गाडी काढून निघाला. वाटेत कुणी भेटलं नाही, रस्त्यावर काही दिसलं नाही. वारा होता, पाऊस होता, मेंढ्या आडोशाला उभ्या होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोक म्हणाले तो रस्त्यातच घाबरला असणार. घाबरला नव्हता. दात-ओठ खात गाडी चालवत होता.

घर माणसांनी भरलेलं. पाद्रीबुवा प्रार्थना सांगत होते, मग टॉर्मडचे गुण सांगायला लागले. दयाळू, सरळमार्गी, अडल्यानडल्याच्या हाकेला धावणारा. हाकेला धावणारा हे ऐकल्यावर फर्करनं हातातला कप बशीत असा आदळला की चहा सांडला. कुणी मान वळवली नाही. एकेक माणूस उठून पेटीपाशी जाई, मयताच्या कपाळावर तळहात टेकवी आणि बाजूला होई. आपल्यात हात टेकवला म्हणजे मनात काही ठेवलं नाही. नाही टेकवला तर वैर तसंच राहिलं, आणि मग ते दोन्ही घरच्या पोराबाळांना पुरतं. फर्करची पाळी आली. तो जागचा हलला नाही.

मॅरसली, टॉर्मडची मुलगी, त्याच्याजवळ आली. दोघं एका शाळेत होती, एका बसनं जात. तिनं हळूच विचारलं, "फर्कर, एवढं करशील का रे?"

"तुझा बाप एवढं करू शकला नाही," तो म्हणाला. "नुसता हात पुढं करायचा होता."

तिनं मान खाली घातली. भाकरी घेऊन ती आत गेली.

मध्यरात्रीनंतर माणसं पांगली. रविवार लागला होता. मयतापाशी दोघांनी बसायचं असतं. फर्करबरोबर डॉनी पोस्टमन होता. तीनच्या सुमाराला डॉनी चहा आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि तिथंच खुर्चीत घोरायला लागला. खोलीत आता फर्कर आणि टॉर्मड. शेगडीत जळणाला घातलेली पीटची, दलदलीच्या वाळक्या मातीची, ढेकळं विझत आली होती. दिवा चालू होता. हे लक्षात ठेवा, दिवा शेवटपर्यंत चालू होता.

फर्कर मेलेल्याशी बोलायला लागला. सगळं बोलला. आई वर्षभर खिडकीत दिवा लावून कशी बसायची, बाप वर्षाच्या आत खंगून कसा गेला, स्वतः त्यानं लग्न का केलं नाही. तू मात्र पिकल्या केसांनी, धुतल्या चादरीत मेलास. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. स्वयंपाकघरातलं घोरणं थांबलं नाही.

मग त्याला वास आला.

डिझेल. आणि पिंजऱ्यात आमिषाला घालतात त्या कुजक्या मासळीचा.

बाहेरचं दार उघडल्याचा आवाज झाला नव्हता. पण बोळातून पावलं येत होती. जड. बुटांत पाणी भरलं की येतात तशी. पच्... पच्...

खोलीच्या उंबऱ्याशी थांबली.

फर्करनं वर पाहिलं नाही.

पावलं आत आली. पेटीच्या पलीकडच्या बाजूला. थांबली. चटईवर पाणी ठिबकत होतं. पिवळ्या रेनकोटाची कड दिसत होती. कडेला शेवाळ.

तुम्ही असता तर पळाला असता. मीही. पण फर्करला भीतीच्याही आधी आनंद झाला. हो, आनंदच. तो म्हणाला, "आलास? बरं झालं आलास. हा बघ. काय करायचंय ते कर. मी कुणाला सांगत नाही."

रेनकोटाची कड हलली नाही.

"कर ना."

पाणी ठिबकत होतं... 

मग रेनकोटाची बाही उचलली गेली. तिच्यातून हात बाहेर आला. पांढरा. पाण्यानं सुरकुतलेला. तो हात टॉर्मडच्या गळ्याकडे गेला, असं फर्करला वाटलं.

गळ्याकडे नाही.

हात कपाळावर टेकला. हळू. शेजारीपाजारी टेकवतात तसाच.

आणि राहिला.

"काढ," फर्कर म्हणाला.

...

"रुअरी. काढ तो हात."

...

"तुला कुणी विचारलं?" आता तो पेटीची कड धरून उभा राहिला होता. "तुझ्यासाठी मी जन्म जाळला. कुणाशी हसलो नाही. आणि तू येतोस... आणि याला..."

त्यानं वर पाहिलं.

काय दिसलं ते त्यानं मला सांगितलं नाही. तोंड पाहिलंस का, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, "अजून पोरगाच आहे तो."

पुढच्या क्षणी पलीकडे कुणी नव्हतं. चटई कोरडी. वास गेलेला. पण टॉर्मडच्या कपाळावर काहीतरी पांढरं होतं. पाच बोटं आणि तळवा. मीठ सुकून राहतं तसं.

फर्करचं डोकं फिरलं. ही माफी त्याला मान्य नव्हती. त्यानं बाही पुढं ओढून ते पुसलं. जाईना. मग थेट तळहातानं पुसायला लागला. जोर लावून, दात खाऊन, खरवडून काढावं तसं. आणि मध्येच थांबला. आपला हात कुठं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं.

दारात मॅरसली उभी होती. आरडाओरडा ऐकून उठून आली होती. तिनं एवढंच पाहिलं, की फर्कर तिच्या बापाच्या कपाळावर हात ठेवून उभा आहे आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. ती धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. तुझे उपकार मी विसरणार नाही, म्हणाली. तिला काय सांगणार? माफ केलं नाही, पुसत होतो, असं? आणि काय पुसत होतास विचारलं असतं, तर?

उजाडायच्या आत तो घरी आला. एफी म्हातारी जागी होती. तिनं काही न विचारता त्याचा उजवा हात ओढून घेतला आणि आपल्या गालाला, मग ओठांना लावला. मग तिनं मिठाची चव घेतल्यासारखे ओठ चाटले आणि डोळे मिटले. त्या दिवशी ती दुपारपर्यंत झोपली. इतक्या वर्षांत तिला अशी झोप लागलेली कुणी पाहिली नव्हती. पुढच्या आठवड्यात गेली, तशीच झोपेत.

फर्करचं म्हणाल तर तो अजून चिडलेलाच आहे. मला म्हणाला, "ज्याचं मरण त्याची माफी, ते ठीक. मग माझा राग कुणाचा? तो मी आता कुठं ठेवू?" हल्ली तो संध्याकाळी खडकावर जातो आणि समुद्राकडे तोंड करून भांडतो. रुअरीशीच भांडतो. टॉर्मडचं नाव घेत नाही. तुम्ही ऐकलं असेल त्याचं ओरडणं. त्याला हसू नका.

आता राहिलं शेवटचं. सोमवारी टॉर्मडला पुरलं. पेटीचं झाकण लावताना मी तिथंच उभा होतो, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मॅरसली कोमट पाण्यात फडकं बुडवून बापाचं कपाळ पुसत होती. रविवारीही तिनं पुसलं होतं. ती खूण फर्करच्या हाताची, कष्टाचा माणूस, घाम असेल, असं ती समजून होती. पुसलं की कपाळ स्वच्छ व्हायचं. वाळलं की पांढरं पुन्हा वर यायचं. शेवटी तिनं फर्करला बोलावलं आणि म्हणाली, "तूच काढ बाबा, तुझीच खूण आहे."

फर्कर पुढं आला. त्यानं आपला हात त्या वाळलेल्या खुणेवर टेकवला आणि तसाच धरला.

त्याचा पंजा फावड्याएवढा, जन्मभर दोर ओढलेला. खालची खूण त्याच्या पंजाखाली पूर्ण झाकली गेली. एका लहानखुऱ्या, बावीस वर्षांच्या पोराच्या हाताएवढी होती ती.

फर्करनं हात उचलला. खूण तिथंच होती... आणि ओली होती, आत्ताच कुणी समुद्रातून येऊन हात टेकवल्यासारखी.