बाभळीकडची बाजू

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. गेल्या मे महिन्यात, सोलापुरात, भर दुपारी. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा अभिमन्यूला भेटावं.

अभिमन्यू एका मोबाईल कंपनीत कामाला. कुठल्या टॉवरवर किती ताण आहे ते बघायचं आणि डेटाचे वाटे करायचे, हे त्याचं काम. बायको पायल पहिल्या बाळंतपणाला माहेरी, केमला गेलेली. रोज दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा.

त्या आठवड्यात ती एकच विचारायची.

"अहो, मला न्यायला कधी येताय?"

बाळंतपणाआधी माहेराहून कोण परत येतं? पण स्वारी खूश. बायकोला आपल्यावाचून करमेना!

त्या दिवशीही ती मोबाईलवर बोलत होती. तेवढ्यात केमहून तक्रार आली, नेट रांगतंय. त्यानं कॉम्प्युटरवर तिथला टॉवर उघडला.

गावाकडच्या बाजूला गर्दी होती.

आणि बाभळीच्या रानाकडच्या बाजूला... फक्त एक फोन. एकटाच ढीगभर डेटा ओढत होता.

त्या रानात घर नाही, वस्ती नाही.

"कुणीतरी लबाडी करतंय," म्हणत त्यानं बाभळीकडचा वाटा कापला आणि गावाला दिला. आता पायलचा चेहरा स्वच्छ दिसायला हवा होता.

तो फुटला... तुकडे तुकडे झाले.

वाटा परत दिला. चेहरा स्वच्छ. पुन्हा कापला. पुन्हा तुकडे.

सासऱ्यांचं घर तर गावात. मग पायल अवघडलेली, एवढ्या उन्हात रानात काय करत होती? कुणासोबत? नको ती शंका आली. पण तिच्यामागं तर घरातलीच भिंत दिसत होती.

त्यानं ऑफिसच्या लँडलाईनवरून सासऱ्यांना फोन लावला.

"आप्पा, पायल कुठंय?"

"ही काय, माज्यासमोर. शेंगा सोलतीया की."

"आणि तिचा फोन?"

"त्यो हिरीत पडून आठवडा झाला, जावईबापू. तुमी रागवाल म्हणून बोललो न्हाय. तुमी फोन करंना म्हणून पोरगी लई हिरमुसलीया."

मोबाईलवरची पायल आता हसत नव्हती.

"सांगा की... न्यायला कधी येताय?"

अभिमन्यूनं मोबाईल बंद केला आणि तडक गाडी काढून केम गाठलं. सासू बजाबाई रडल्या. आप्पा चिडले, "पयलं बाळंतपण हाय, असं नेत न्हाईत." त्यानं कुणाचं ऐकलं नाही. पायलला घेऊन निघाला.

कुर्डुवाडी मागं पडली आणि त्याच्या लक्षात आलं. मोबाईलवरची ती जे मागत होती, तेच आपण केलं.

त्या दिवसापासून बाभळीकडची बाजू रिकामी आहे. पण दुपार झाली की अभिमन्यूच्या घराजवळच्या टॉवरवर कुणीतरी एकटंच ढीगभर डेटा ओढतं. पायलला नवा फोन तर अजून घेतलेलाही नाही.

परवा तो न सांगता दुपारी घरी गेला. पायल स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. हात रिकामे होते.

हळूच कुणाशी तरी बोलत होती...

"व्हय. आणलं की मला."

अभिमन्यूनं हाक मारली नाही. आला तसा जिना उतरला.